मृगाचा फोटो आणि रेखाच्या लेकीची हळद

माझी नातसून ज्योती दिसायला गरीब, पण मागच्या माघात भेस्तानच्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगीने तिचा धसका घेतला होता. तिला मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा फोटो काढायचा होता. तोही म्हणे आभाळातला एक ढगच. पण तिने अगाशीवर, म्हणजे आमच्या गच्चीवर, दुर्बीण मांडली, की आपले मावठ्याचे ढग आडवे आलेच म्हणून समजा. महिनाभर असंच चाललं.

मग खालच्या मजल्यावरची रेखा आली. तिच्या लेकीची हळद अगाशीवर ठेवली होती.

"मावशी, शनिवारी ज्योतीला दुर्बीण काढू देऊ नका. पाऊस आला तर पाहुणे कुठे बसवू?"

ज्योती म्हणाली, "वहिनी, मी काय ढगांना आवतण देते?" पण दुर्बीण तिने खाटेखाली सारली.

शनिवारी आभाळ घासलेल्या ताटासारखं लख्ख. सगळ्या बाया नवरीला हळद लावत होत्या आणि ज्योती मान वर करून उभी. रेखाला राहवलं नाही.

"जा माय, आण तुझी नळी. पण जेवणं उरकल्यावर."

जेवणं झाली. दिव्यांच्या माळांचा उजेड आड येत होता, तर रेखाने स्वतःच बटण बंद केलं. अंधारात नवरी कुरकुरली, "आई, माझा व्हिडिओ चाललाय."

"तुझा झाला पुष्कळ. आता हिचं होऊ दे."

ढग फिरकला नाही. फोटो निघाला, गुलाबी, धुरासारखा.

आता ज्योती मोबाइलवर हवामान बघत नाही. मला विचारते, "आजी, बिल्डिंगीत पुढची हळद कुणाकडे आहे?"