तेल प्यालेला खांब

मंडळी, आधी मुकुंदशेठच्या पदरात काय पडणार होतं ते मोजू, मग गोष्टीला लागू. काय आहे, मनुष्य देवळात दान देतो तेव्हा डोळे मिटून देतो, पण एक डोळा किंचित किलकिला असतो. कोण बघतंय? किती जण बघतायत?

आंबेरखोल नावाचं गाव. खाडीच्या अंगाला रवळनाथाचं देऊळ. सभामंडपाचा उजवीकडचा पुढला खांब पोखरून गेलेला, आणि मुकुंदशेठ खोबरेकरांनी जाहीर केलं, नवा खांब माझ्याकडून. आता बघा हं, जागा कुठली? उजवा, पुढला! चपला काढून आत आलेला प्रत्येक माणूस तिथे क्षणभर थांबतो. हात टेकतो. म्हातारी असेल तर पाठ टेकते. आणि कीर्तनाला आलेले तर — काका, उठू नका, टेका, तुमच्यासाठीच आहे तो खांब! — तर गावातले सगळे डोळे, सगळ्या पाठी त्या एका लाकडावर. दुसरा कुठला खांब शेठनी मागितला असता का? गाभाऱ्यामागच्या अंधारातला?

म्हणून आजचा प्रश्न. देवाला वस्तू दिली, ती दिली केव्हा? हातातून सुटली तेव्हा, की मनातून सुटली तेव्हा? ऐका.

खांब घडवणार होता सोमा मेस्त्री. सुतार. गावात रीत अशी, की देवाच्या कामाला झाड तोडायचं तर सुताराने आधी शब्द द्यायचा. गुरव देवापुढे उभे राहून गाऱ्हाणं घालतात, आणि मागे सगळा गाव एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. गुरवांनी गाऱ्हाणं घातलं, की बा देवा, हा सोमा मेस्त्री म्हणतो, माझ्या हयातीत ह्या खांबाला वाळवी लागली तर मी पुन्हा हत्यार हातात धरणार नाही.

व्हय म्हाराजा!

दुसऱ्याच्या शपथेला होकार भरताना गळा कसा मोकळा सुटतो, नाही?

तर ऐनाचं झाड पडलं. सोमाने ते घाईने घडवलं नाही. पावसाळाभर खाडीच्या चिखलात पुरून ठेवलं. भरती यायची, ओहोटी जायची. झाडाच्या अंगातला गोडवा, ज्याच्यासाठी कीड येते, तो हळूहळू पाण्यात उतरत होता. जणू झाड आपलं जंगल विसरत होतं... एकेक पान विसरत होतं, एकेक पाखरू. मग बाहेर काढलं, वर्षभर सावलीत वाळवलं. मग तासलं, गोल केलं, वरची वेलबुट्टी कोरली, तळखड्यात, म्हणजे खालच्या दगडात, बसणारं टोक घडवलं. आणि मग तेल.

काजूच्या टरफलाचं तेल, मंडळी! काळं, दाट, हाताला लागलं तर कातडी सोलून काढणारं. सोमाने एक जुनी होडी आणली, देवळामागच्या माडांखाली ठेवली, तेलाने भरली, आणि खांब तीत आडवा निजवला. एकवीस दिवस! ती होडी कुठे जात नव्हती, आणि तरी बघणाऱ्याला वाटायचं, चालली आहे. माडांच्या सावल्या वरून सरकायच्या. तेलावर एखादं फूल पडायचं, तरंगायचं, बुडायचं. खांबातून बारीक बुडबुडे यायचे. आतली हवा बाहेर, तेल आत. बायका पाणी भरायला जाताना उगाच पावलं हळू टाकायच्या, आत कोणी निजलंय म्हणून.

पण होडीत निजवण्याआधी सोमाने सगळ्या गावासमोर एक गोष्ट विचारली होती. तो म्हणाला, “शेटनू, नाव घालूचा आसात तर आताच सांगा. लाकूड एकदा तेल पिला, का मग तेका हत्यार लावूचा नाय.”

कारण साधं आहे. तेल बाहेरून आत बोटभर जातं. तेवढंच त्याचं चिलखत. नंतर छिन्नी मारलीत, की चिलखताला भोक!

शेठ काय म्हणाले? हात जोडले, मान तिरकी केली. “देवाच्या दारात आमचा नाव कित्याक?”

वा! आता पुढचा हिशेब शेठनी मनात मांडून ठेवलेला. आपण नको म्हणायचं. गाव म्हणेल, असं कसं, शेठ! आपण पुन्हा नको म्हणायचं. गाव म्हणेल, घालाच! मग आपण नाइलाजाने... जेवणाच्या पंगतीत जिलबीला नको म्हणतो तसं हो! हात पानावर आडवा, पण बोटांत फट.

आणि गाव काय म्हणालं? गाव म्हणालं, “किती मोठ्या मनाचे शेठ.” झालं! वाढपी पुढे गेला!

एकवीस दिवस खांब तेल पीत होता आणि शेठ स्वतःला खात होते. खांब होडीतून निघाला, माडांखाली निथळत पडला. सोमा नातवाच्या बारशाला लेकीच्या गावी गेला. चार दिवस. त्या चार दिवसांत, भर दुपारी, गाव जेवून पडलेलं असताना, शेठनी तालुक्याहून एक कोरणारा आणला. दगडावर नावं कोरणारा. त्याला लाकडाचं काय? त्याने टकटक करत छातीच्या उंचीवर बोटभर खोल कोरलं — मुकुंद दामोदर खोबरेकर. आणि गेला निघून.

सोमा परत आला, खांबापाशी बसला. अक्षरांच्या तळाशी लाकूड पांढरं दिसत होतं, कोरडं. मग शेठच्या ओटीवर गेला आणि म्हणाला, खांब पुन्हा होडीत घालूया, आणखी एकवीस दिवस. शेठ म्हणाले, खांब उभा करायचा मुहूर्त आठ दिवसांवर आलाय, देवाचा कौल घेतलेला आहे, आता गावाला सांगू काय? वरून लाव थोडं तेल. आणि सोमा, हे आपल्या दोघांत राहू दे.

इथे सोमा चुकला, मंडळी. त्याचा सगळा जन्म त्या शब्दावर टांगलेला, आणि तो गप्प राहिला. शेठची भीड पडली. भीड, भीड! काजूच्या तेलाने हात भाजतो, भिडेने काय काय भाजतं!

कुंचल्याने तेल अक्षरांच्या तळाशी मुरेना. म्हणून त्याने तेल गरम केलं आणि अंगठ्याने दाबून भरलं. एकेक काना, एकेक मात्रा. अंगठ्याची कातडी सुटली, तरी भरत राहिला. उकार पुन्हा गिरवला. लहानपणी धुळाक्षरं गिरवतात ना, तसा तो दुसऱ्याचं नाव गिरवत बसला होता.

खांब उभा राहिला. लोकांनी नाव पाहिलं. कोणीतरी विचारलं, शेठ, तुम्ही तर नको म्हणाला होतात? आणि शेठ — सोमा चार हातांवर उभा — शेठ हसून म्हणाले, “मेस्त्र्यानं प्रेमान घातल्यान. मी काय बोलू?”

सोमाने ऐकलं. अंगठ्याला चिंधी होती, तिची गाठ घट्ट केली. बस्स.

तीन वर्षं गेली. चौथ्या वर्षी वाळवी आली. जमिनीतून मातीची नळी करत, तेल प्यालेल्या लाकडाला तोंड न लावता, वर, वर, वर... आणि नेमकी त्या अक्षरांत शिरली. एके सकाळी गुरव झाडू घेऊन आले तर काय बघतात! सगळं नाव ओल्या तांबड्या मातीने भरलेलं. मुकुंद दामोदर खोबरेकर, कसं लखलखीत, कधी नव्हतं इतकं ठळक! आणि बोटाने टकटक केलं, तर आत पोकळ.

गाव जमलं. गावाने क्षणात निकाल दिला. सोमानेच सांगितलं होतं, तेलानंतर हत्यार लावायचं नाही. मग सोमानेच शेठना खूश करायला नाव घातलं आणि देवाचा खांब घालवला. कोणी शेठकडे बघितलं नाही. कोणी सोमाला विचारलंही नाही.

सोमा घरी गेला. वाकस, रंधा, पटाश्या, गिरमिट, सगळी हत्यारं गोणपाटात बांधून आणली आणि देवाच्या पायरीवर ठेवली. गाऱ्हाण्यात वाळवीचं बोलणं होतं, कोणामुळे लागली ते नव्हतं. वळला, निघून गेला.

वर्षभर तो काथ्याच्या दोऱ्या वळत होता. कोणी मोडका पाट घेऊन आलं तर हसून परत पाठवायचा. हात मात्र ऐकत नसत. बोलता बोलता दाराच्या चौकटीवरून फिरायचे, रेष तपासल्यासारखे.

इकडे शेठनी दुसरा खांब आणला. शहरातल्या कारखान्यात, यंत्राच्या दाबाने औषध पाजलेला, हिरवट रंगाचा. ह्या खेपेला नाव नाही! आणि गाव काय म्हणालं? सांगा ना, तुम्हीही तेच म्हणाला असतात. “किती मोठ्या मनाचे शेठ!”

चार वर्षांपूर्वी ह्याच शब्दांनी शेठचं पोट भरलं नव्हतं. आता तेच शब्द घशाखाली उतरेनात. देवळात जावं तर तो कोरा खांब समोर. नाव नसलेल्या जागेवर शेठना नाव दिसे, मातीने भरलेलं.

वार्षिक गाऱ्हाण्याचा दिवस आला. गुरवांनी सुरुवात केली, बा देवा, ह्या मुकुंदशेठनी नावाची अपेक्षा न ठेवता...

“थांबा, गुरवानू,” शेठ म्हणाले. “पयल्या खांबार नाव मी घातलंय. तेल पिल्यावर. मेस्त्री गावात नव्हतो. आणि खोटा बोललंय ता पण मीच.”

‘व्हय म्हाराजा’ म्हणायला उघडलेली तोंडं तशीच राहिली.

सोमा मागे, दारापाशी होता. तो म्हणाला, “माका म्हायत होता, शेटनू. मी गप ऱ्हवलंय. तेचा ह्या वर्सभर मीच भोगलंय.”

गुरवांनी देवाला फुलाच्या पाकळ्या लावल्या आणि कौल मागितला, की सोमाने पुन्हा हत्यार धरावं का? पाकळी पाण्यात भिजलेली, जड... हलली, सरकली, उजवी पडली! देवाचा होकार! सोमाने वर्षभर पायरीवर पडलेलं गोणपाट उचललं. हत्यारं खाऱ्या हवेने गंजून तांबडी झालेली. तो तिथेच पायरीवर बसला आणि पटाशी दगडावर घासू लागला.

आता हिशेब मिटवू, मंडळी. शेठनी खांबाचे पैसे दोनदा भरले आणि चारचौघांत मान खाली घातली. त्यांचं फिटलं. सोमाचं वर्ष गेलं, ते त्याच्या गप्प बसण्याचं म्हणू.

राहिलं गाव. बघतोय मी, मघापासून तुमच्यातला कोणी मनात शेठ होतोय, कोणी सोमा होतोय. गाव व्हायला कोणी तयार नाही! आणि खरं तर आपण सगळे तेच. दुसऱ्याच्या शपथेला मोठ्याने होकार दिला, ते आपण. न विचारता बोट दाखवलं, ते आपण. पायरीवर हत्यारं ठेवून माणूस निघाला, तेव्हा एकानेही त्याचा हात धरला नाही. त्याचं गावाने काय भरलं? प्रसाद घेतला आणि घरी गेलं.

गावाच्या वाट्याचंही सोमानेच भरलं.