दुसरं जहाज

— नका ठोकू, अण्णा! हात खाली घ्या. मघापासून तुम्ही ठोकून राहिलात, ती आतून हूं न्हाई की चूं न्हाई. आणखी ठोकून काय होणार हाय? बसा इथं पायरीवर. बसा म्हणतो! — लई गुणाची पोर हाय तुमची वर्षाराणी, दोन वर्षं माझ्या घरात राहून शिकली, मला चाचा म्हणते. सीईटीत मार्क कमी पडले तर पडले. पण कडी लावली, ते मला न्हाई आवडलं. किल्लारीच्या भूकंपापासून या घरात आतून कडी लावून कुणी बसत न्हाई, ती पण कधी बसली न्हाई. आज बसली.

दार तोडायचं? अन् आवाज ऐकून तिनं आत काही करून घेतलं तर? मागच्या गल्लीत परवा काय झालं, ऐकलं ना तुम्ही? — मग बसा. मी मोठ्यानं बोलतो, तिला पण ऐकू जाऊ दे, चाचाच्या नेव्हीच्या गोष्टी तिला पाठ हायेत.

एकाहत्तरची लढाई. मालाची जहाजं मधी, राखणीला आम्ही. माझं काम काय? कानाला यंत्र लावून पाण्यात आवाज सोडायचा, तो आपटून परत आला की ओळखायचं — खाली पाणबुडी हाय. मग जहाज पळवत तिच्या डोक्यावर न्यायचं अन् बारूद भरलेली पिंपं पाण्यात ढकलायची. खोल जाऊन फुटली की आमचं जहाज हादरायचं, दात वाजायचे! पण गंमत सांगू? अगदी डोक्यावर गेलं की यंत्राला ती ऐकूच येत न्हाई. अन् पिंपं फुटल्यावर पाणी असं खवळतं की मी ठार बहिरा. साहेब ओरडायचा, जिलानी, कुठं हाय ती? मी म्हणायचो, साहेब, धमाके थांबवा, मग सांगतो. — तुम्हाला पण तेच सांगून राहिलो. ठोकलं की आपणच बहिरे होतो.

रईसा? माझी घरवाली दुधाला गेली, येईल. तिकडं काय बघता, माझ्याकडं बघा. — मारली का एखादी? न्हाई. खरं सांगू? एकदा आवाज हरवला, साहेबानं मला शिव्या घातल्या, अन् मी मनातून खूश झालो. दुश्मन होते, कबूल. पण खाली अंधारात तोंडावर हात धरून, वरचे कधी जातील म्हणून ऐकत बसलेली — कुणाची तरी लेकरंच ना ती! हे रईसाला पण कधी सांगितलं न्हाई. आज कसं तोंडातून — थांबा. चूप.

कडी वाजली.

रईसा? पोरगी हाय ना? — बोल की! — रडून राहिली? रडू दे, रडू दे. या अल्ला.

अण्णा, दुसरं जहाज सांगायचं राहिलं. एक जहाज लांब उभं राहून आवाज सोडत राहतं, खालच्याला वाटतं, हे अजून लांबच हाय. तेवढ्यात दुसरं, इंजिन मंद करून, गुपचूप डोक्यावर. या खोलीच्या गॅलरीच्या दाराची कडी मी भूकंपाच्या सालीच उपटून टाकलेली. शेजारच्या गच्चीवरून रईसा गेली, माझ्या बडबडीच्या आडून.

आता जावा आत. मार्कांचा विषय काढू नका, तिच्या भावाला आत्ता फोन लावू नका, नुसतं तिच्याजवळ बसा. — मी? मी इथंच बसतो जरा. माझ्याकडं काय बघता? जावा म्हणतो ना!