सोमवारचा पडताळा

आदरणीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील विश्वस्त व व्यवस्थापक साहेब, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या ध्वनिमुद्रण विभागप्रमुख ताई, सहकारी आणि दृष्टिहीन श्रोतेहो,

ताईंचं मानपत्र वाचण्याचा मान आपण मला, म्हणजे संस्थेच्या लेखापालाला दिलात. आभारी आहे. मात्र त्यातलं एक वाक्य मी वाचणार नाही. "ताईंच्या कार्यकाळात काही बोलकी पुस्तकं दुर्दैवानं गहाळ झाली."

दुर्दैवानं? दुर्दैवाला या संस्थेत सहीचा अधिकार कधी मिळाला?

पुस्तकांच्या प्रती जपायला ताईंनी बसवलेली संगणक प्रणाली मुक्त स्रोताची, म्हणजे खुली आणि फुकट होती. तिची आतली रचना कुणीही उघडून तपासावी. मी वाणिज्य शाखेचा माणूस, जे तपासू देतात त्यावरच विश्वास ठेवतो. ती रोज प्रत्येक पुस्तकाची प्रत दुसऱ्या इमारतीतल्या संगणकावर चढवी. आणि दर सोमवारी ताई त्यातलं एखादं पुस्तक परत आणून चहाच्या वेळी आम्हाला ऐकवत.

साहेब एकदा म्हणाले, "ताई, चालत्या गाडीचं चाक कशाला काढता?"

"चाक नाही हो, स्टेपनीत हवा आहे का बघतेय. पंक्चर झाल्यावर बघू म्हणता?"

सगळे हसले. विश्वस्तांच्या पुढच्याच बैठकीत ठराव झाला: फुकटच्या वस्तूला वाली नसतो, सबब विकतची आणावी. ताईंनी विरोध नोंदवला. जुनी प्रणाली बंद झाली, सोमवारही बंद झाला. नवी साहेबांनी स्वतः बसवली. रोज 'प्रत झाली' अशी हिरवी खूण उमटे. साहेब ती पाहुण्यांना कौतुकानं दाखवत.

मग मुख्य डिस्क बिघडली. नव्या प्रतीतून परत काय आलं? पुस्तकं उघडायची पडद्यावरची नुसती चिन्हं. तेवढीच चढत होती. डिस्कवरचा आवाज कधी चढलाच नव्हता. दारावरच्या पाट्या जपल्या, घरं गेली. आज जी जुनी पुस्तकं शाबूत आहेत, ती ताईंच्या दुसऱ्या इमारतीतल्या प्रतींमुळे. ठरावानंतरचं एकही नाही.

पहिल्या रांगेतले आजोबा अर्ध्या कादंबरीवर थांबलेत. फोन करून विचारतात, "अहो, पुढचं प्रकरण कधी?" ती ज्यांच्या आवाजात होती, त्या बाई आता हयात नाहीत. काय सांगू आजोबांना? दुर्दैव?

अध्यक्षमहोदय, ते वाक्य आत्ता खोडावं. पेन माझ्याकडे आहे. नाहीतर ठरावावर ज्यांच्या सह्या आहेत, त्यांनी ते इथे उभं राहून आजोबांसमोर वाचावं. तोवर मानपत्र माझ्या हातात राहील.

आपण शांतपणे ऐकलंत, ऋणी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, तर ताईंनी आणि आजोबांनी पदरात घ्यावं. व्यासपीठाची क्षमा मी मागत नाही. ताईंच्या खाती ती तिकडूनच येणे बाकी आहे.