वाटीतली माती

नाही, दार आधी नीट लावून घ्या, डॉक्टरबाई — सासूबाई बाहेर बाकावर बसल्यात, त्यांचे कान तुम्हाला ठाऊक नाहीत. की आहेत? खिडकीतली ती बरणी आमच्याच घरची — बिहीच्या फळांचा मुरांबा, मीच ढवळलाय, वाकडं झाकण ओळखलं मी. म्हणजे तुमचं-त्यांचं येणंजाणं आहे. असू दे. आपल्या या मर्गिलान गावात कुणाचं कुणाशी नसतं म्हणा.

विचारा काय विचारायचं ते. चक्कर? येते. सकाळी सगळ्यांना वाकून सलाम करायचा असतो ना — नव्या सुनेला तो चुकत नाही — तर तिसऱ्यांदा वाकले की अंगण फिरतं. केस जातात मूठमूठ, नखं कागदासारखी झालीत, जिना चढले की छातीत धडधड. जेवण? सगळ्यांना चहा ओतून होईपर्यंत पुलाव संपलेला असतो, मग मी चहात नान बुडवते. तक्रार नाही हां, तुम्ही विचारलंत म्हणून. आणि — माती. हसू नका. तंदुराच्या कडेचा पोपडा चघळावासा वाटतो, जीव जातो त्यासाठी. सासूबाईंना माझ्या खिशात ढेकूळ सापडलं, आणि झालं — डोहाळे लागले! हातातला झाडू काढून घेतला, बाजारातून चांगली विकतची माती आणली, साखरेच्या वाटीत घालून पुढ्यात ठेवली. लग्न होऊन आल्यापासून कुणी माझ्यापुढे वाटी ठेवली ती पहिल्यांदा. मी गप्प बसले. तुम्ही नसता बसला?

पापणी ओढून बघितलीत ना — पांढरी? रक्त कमी. तेच, मला वाटलंच होतं. पाळी? चुकलीय, पण ते तसलं नाही. खात्री आहे. — अहो, खात्री म्हणजे खात्री. कशी म्हणजे? ते रशियाला कामावर गेले ना. हो, लग्नानंतरच गेले, मधे थोडे दिवस होते, मान्य — पण ते भिंतीकडे तोंड करून झोपायचे. रोज. वाईट नाही वागले, माझ्या अंगावरचं पांघरूण सरकलं तर सारखं करायचे. आणि पुन्हा भिंतीकडे. — हे मला बोलायचं नव्हतं. तुम्ही काय लिहिलंत आत्ता? काही नाही? बरं.

खरी गोष्ट पुढेच आहे. सासूबाईंनी फोनवर त्यांना बातमी दिली. मी चहाचं तबक घेऊन तिथेच उभी. म्हटलं, आता ओरडतील, आता मला बोलावतील. ते म्हणाले, "बरं झालं. तिला जड उचलू देऊ नका." बरं झालं! कुणाचं, हेसुद्धा नाही विचारलं. चिडले असते ना, तर मला झोप तरी लागली असती.

काय? — 'पडलं' म्हणून सांगू? किती पटकन सुचलं तुम्हाला. आधी कुणासाठी सांगितलंय वाटतं? म्हणजे ते सुटले, तुम्ही सुटलात, आणि उद्यापासून गल्लीभर — हिच्या पोटात टिकत नाही. नको. जे नव्हतंच ते माझ्याच अंगावर घेऊ? गोळ्या तेवढ्या लिहून द्या. नाही, तुम्ही नका उठू. आता तुम्ही काही बोलूही नका.

आई, या आत. बसा. मूल नाहीये. रक्त कमी आहे. तुमच्या मुलाला फोन लावा, एवढंच सांगा — आणि ते किती वेळ गप्प राहतात, ते ऐका.