काळी कड, पांढरी कड

शिंपी: हवं तर खिडकी लावतो. अंधारात कॅमेऱ्याच्या या घडीघडीच्या भात्याच्या आत बॅटरी धरून बघा. टाचणीएवढा उजेड बाहेर आला तर मला नावं ठेवा. कोपरे फाटले होते, ते मीच चिकटवलेत.

शिक्षिका: नको काका, काम दिसतंय की चांगलं. जुना मोठा कॅमेरा घेताना आधी भाता बघावा, मग भिंगावर बुरशी आहे का ते, मग फिल्मचे होल्डर, एवढंच वाचून आलेय मी. शाळेत चित्रकला शिकवते. यातली अगदीच नवशिकी.

शिंपी: झालं मग. जाणकारानेच यावं असं जाहिरातीत मुद्दाम लिहिलं होतं.

शिक्षिका: घेणारा मिळाल्याशी कारण ना तुम्हाला?

शिंपी: विकणं हे निमित्त हो. मुलगी गेली माझी. त्याच्या आधल्या रविवारी तिने आम्हा दोघांचा फोटो काढला, याच कॅमेऱ्यावर. मी इथे, मशीनपाशी. ती डोक्यावर काळं कापड घेऊन वाकलेली, तासभर काय करत होती देव जाणे. मी म्हटलं, अगं, तोवर एक सदरा बेतून झाला असता. मग धावत येऊन शेजारी बसली आणि त्या लांब नळीचा रबरी फुगा माझ्या हातात दिला. म्हणाली, बाबा, तुम्ही दाबा. तो फोटो हवाय मला. कुठे असेल ते जाणकाराला कळेल, म्हणून ही जाहिरात.

शिक्षिका: धुवायला दिला असेल.

शिंपी: विचारून आलो. दिलाच नाही म्हणतात. तुमच्याआधी दोघं येऊन गेले, तेही नवशिकेच, त्यांनाही पत्ता नाही. असो. होल्डर हा एवढा एकच. दोन्ही बाजूंना सरकतं झाकण आहे.

शिक्षिका: काका, थांबा, काढू नका ते.

शिंपी: काही होत नाही हो. आलेल्या प्रत्येकाला काढून दाखवलंय. आत हा करडा पत्रा बसवलाय, पातळसा. निघेना, म्हणून वरूनच पुसून ठेवला.

(शिक्षिका झाकण हातात घेऊन त्याच्या कडेकडे बघत राहते.)

शिंपी: काय झालं?

शिक्षिका: काका, कसं सांगू. हा पत्रा नाही. फिल्म आहे.

शिंपी: नवी?

शिक्षिका: झाकणाची कड काळी आहे. होल्डरबद्दल वाचलं त्यात होतं, फोटो काढून झाला की काळी कड बाहेर ठेवतात. खूण म्हणून.

शिंपी: मग हाच की तो. अहो, इथे हाताशी होता आणि मी गावभर शोधतोय. धुवून आणा ना.

शिक्षिका: उजेड लागलाय त्याला.

शिंपी: जरासाच. लगेच बंद करायचो मी.

शिक्षिका: जरासाही पुरतो. आता त्यात काही उरलं नाही, काका.

शिंपी: जाणकार यावा म्हणून बोलावत होतो, आणि येईल त्याला मीच... दुसरी बाजू? ते झाकण घट्ट बसलंय. ते मी उघडलेलं नाही.

शिक्षिका: त्याची कड पांढरी आहे.

शिंपी: म्हणजे?

शिक्षिका: कोरी. तिच्यावर काही काढलंच नाही.

शिंपी: कोरी तेवढी वाचली.

शिक्षिका: मी शिकून घेईन सगळं. तिच्यावर तुमचा फोटो काढेन, याच मशीनपाशी.

शिंपी: राहू दे. एकट्याचा काय काढायचा. तुमचं भिंग बघायचं राहिलंय ना, ते बघून घ्या.