पहिल्या आईचा चेहरा

— नाही, त्या स्टुलावर नका बसू, बाई, लाल अजून ओला आहे. रंगच आहे हो तो. निदान तिथला तरी. पोलीस असलात म्हणून साडी खराब व्हायची राहते का? इकडे या, खिडकीशी. आणि आधी मला एक सांगा — माझ्या धाकटीने खरोखर सही केली तुमच्या कागदावर? ‘भावाला मीच ठार मारलं’ अशी? वेडी आहे. दुसऱ्याचं अंगावर ओढून घ्यायची जन्माची सवय. खोडून टाका ते. थोरला शिडीवरून पडला, म्हणून गेला. मी आत चहा टाकत होते, धप्प असा आवाज आला, बस्स.

कसली चित्रं म्हणता? धाकटीचं आणि तिच्या दोन मैत्रिणींचं प्रदर्शन आहे — होतं. डावीकडची भिंत बघा, तो चंद्रावरचा ससा. यंत्राचा ससा, खलबत्त्यात औषध कुटतोय, आणि रोग्यांची रांग थेट पृथ्वीपर्यंत. एका मैत्रिणीच्या आजीची गोष्ट. उजवीकडे आठ पायांची म्हातारी — ताऱ्यांमध्ये जाळं विणते आणि हरवलेल्यांचे निरोप घरी पोचवते. ती दुसऱ्या मैत्रिणीच्या रानातल्या लोकांची. आणि मधली, ही फाटलेली, ती माझी. म्हणजे माझ्या आईने मला सांगितलेली, मी माझ्या दोघांना. दुष्काळ, सात मुलगे, जगातली पहिली आई आपलं अंग कापून देते — मांडीतून कंद उगवतात, छातीतून नद्या. धाकटीने तिचं यान केलं. बरगड्या म्हणजे यानाच्या कमानी, पोटात बियाण्याची कोठी, मागे जळकी पृथ्वी. आणि सातही मुलगे आत बसून कुऱ्हाडींनी तिलाच तोडताहेत, भट्टीत घालायला. इंधन हो. तोडल्याशिवाय यान पुढे जात नाही.

काटा आला ना अंगावर? माझ्याही आला. म्हटलं, अगं, गोष्टीत ती आपणहून देते, हसत देते. तर म्हणाली, “आई, तू हसतच सांगायचीस, पण सांगताना तुझा ओठ फुटलेला असायचा.” तिच्या वडिलांना जाऊन बारा वर्षं झाली, गेलेल्या माणसाबद्दल — असो. ओठाला दार लागलं, असं मी सांगायचे. थोरल्याला पटायचं. हिला नाही.

चेहरा ती शेवटी काढते, नेहमी. तीन महिने ती जागा कोरी होती. कॅनव्हासचे पट्टे मीच जोडले, शिवण माझी, आणि मला पत्ता नाही कुणाचा चेहरा येणार याचा. आज सकाळी भरला. माझा. ओठासकट. दुपारी थोरला दिवे लावून द्यायला आला, शिडीवर चढला, समोर पाहिलं, आणि — “आईला भिंतीवर टांगलंस? बाबांची अब्रू काढलीस?” कापायचा चाकू तिथेच होता. चित्रातल्या गळ्यापासून सुरुवात केली त्याने. सरळ खाली. माझ्या शिवणीपाशी पातं अडलं, दुहेरी टीप आहे ती, तर दोन्ही हातांनी ओढलं. धाकटी आडवी गेली, तर तिचे केस धरून डोकं भिंतीवर — एकदा, दोनदा, मोजत नाही कुणी अशा वेळी — आणि तोंडाने काय म्हणत होता, ठाऊक आहे? “हस. हस म्हणतो ना!” त्याच्या बापाचं वाक्य, बाई. अगदी तोच आवाज. म्हणजे दाराचं त्यालाही कधी पटलं नव्हतं. त्यालाही सगळं ऐकू यायचं.

हो, आतूनच पाहिलं. दाराला फट आहे.

हातोडी ना? चौकटी ठोकायची आहे ती. दांडा सैल झालाय, केव्हाची सांगतेय धाकटीला, पाचर मारून घे म्हणून. दोन घाव नीट बसतात, तिसऱ्याला मूठ हातात फिरते आणि लोखंड कानाऐवजी गालावर —

लिहिताय? मग नीट लिहा. तिसरा घाव नको होता. दुसऱ्यालाच तो खाली बसला होता, आणि “आई” म्हणाला होता. माझ्याकडे बघून म्हणाला.

काही विचारू नका आता. आधी माझ्या मुलीला घरी पाठवा, मग कुठे म्हणाल तिथे सही करीन. आणि ते चहाचं खोडा — चहा मी टाकलाच नव्हता. उठा, चला.