डोळे मिटून शिवलेली कुंची

मद्रासच्या डोळ्यांच्या इस्पितळात कनका नंबराची वाट बघत बसली होती. पुढच्या बाकावरून तंजावरी मराठी कानावर आली, तशी तिनं मान वर केली. एक म्हातारी डोळे गच्च मिटून बाळाची कुंची शिवत होती आणि शेजारीण धास्तावून बघत होती.

“अय्यो, गोदाक्का! सुई बोटात जाईल की. डोळे उघडा.”

“कशाला? उद्या मोतीबिंदू काढला, की पट्टी बांधून पडायचं. पणतवंड काय पट्टी सुटेपर्यंत थांबणार आहे? आतापासूनच सवय करतेय.”

“दोरा कोण ओवणार?”

“सुनेकडून सगळ्या सुया ओवून आणल्यात.”

“बाजारात तयार टोप्या मिळतात हो.”

“मिळतात की. पणजीच्या लुगड्याच्या मिळतात का? बाळाच्या अंगाला पहिलं कापड जुनं, मऊच लागायला हवं.”

“बरं बाई. पण ही शिवण बघा, पार नागमोडी गेलीय. तरी मी म्हणत होते!”

“कुठली? ही, कानाजवळची?”

“हो, तीच.”

“ती काल घातली. डोळे उघडे ठेवून.”